सहा गोल, एक तीट

हरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती शहाण्यासारखी घरी जातात, हातपाय धुतात, जेवतात आणि झोपतात. जिंकलेल्या माणसांचं तसं नसतं. आपण कसे जिंकलो हे ठरवता ठरवता ती एकमेकांच्या उरावर बसतात. ठाण्याहून कल्याणला जाऊन परत येण्याच्या दीड दिवसाच्या प्रवासात मी हे शिकले. अंतर म्हणाल तर माझी नात घोडबंदर रोडवरच्या घरातून ऑफिसात पोचायला आज जेवढा वेळ घेते, त्याहून कमी वेळात तेव्हाची आगगाडी कल्याणला सोडायची. आम्ही मात्र परत यायला अख्खा दिवस घालवला, आणि त्यातला बराचसा एकाच जागी बसून. तो दिवस आठवला की अजून माझं डोकं तापतं. म्हणून लिहिते आहे.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन सात महिने. वय एकोणीस. मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झाले होते आणि ही गोष्ट मी भाजीवालीलासुद्धा सांगत असे. आपण बोललो की लोक गप्प होतात, ते आपल्या बुद्धीला दिपून, असा माझा समज होता. लोक कंटाळूनही गप्प होतात हे कळायला पुढे मुलं-नातवंडं व्हावी लागली.

आमच्या आळीचा फुटबॉलचा संघ होता. कॅप्टन आमचे हे. सेंटर फॉरवर्ड खेळायचे. (नाव घेत नाही. आता घेतलं तर कोण अडवणार आहे, पण जिभेला सवय नाही.) गोलकीपर माझा धाकटा भाऊ दत्तू. वडील गेलेले, आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची, आणि दत्तू मॅट्रिकला दोनदा आपटलेला. त्याला एक गोष्ट येत होती: अंगावर येणारा चेंडू धरणं. लहानपणी गोठ्याच्या भिंतीसमोर उभा करून मी त्याच्यावर सोललेले नारळ फेकत असे. त्यातले दोन डोक्यात बसले, त्यामुळेच तो नापास होतो असं आई म्हणायची.

त्या वर्षी ठाण्यातल्या एका गिरणीला आपल्या संघासाठी गोलकीपर हवा होता. फायनल बघायला गिरणीचा माणूस येणार, आणि पसंत पडला तर दत्तूला कायमची नोकरी, असं ठरल्यात जमा होतं. म्हणजे कल्याणला सेमीफायनल जिंकायची आणि पुढच्या रविवारी ठाण्यात दत्तूने गोलात उभं राहायचं. आमच्या घराला एवढंच हवं होतं.

शनिवार, कल्याण

सासूबाईंनी मला जाऊ दिलं ते फुटबॉलसाठी नव्हे, त्यांच्या बहिणीकडे मेतकुटाचा डबा पोचवायला. डबा पोचवला आणि टांग्याने थेट मैदान गाठलं.

गणपती होऊन गेले होते, ऊन चांगलंच भाजत होतं. मैदानाच्या कडेला एक सिंधी काका भाजलेले पापड विकत होते. फाळणीनंतर जवळच्या कॅम्पात आलेले. मी एक पापड घेतला तर त्यांनी न मागता पाण्याचा पेलाही पुढे केला. म्हणाले, "पापड के साथ पानी, बेटी, हमारे यहाँ ऐसे ही." आमच्याकडे पापड जेवणात शेवटी आठवतो. त्यांच्याकडे दारात आलेल्याच्या हातात पहिला पापड. सगळं सोडून आलेल्या माणसाने पाहुणचार मात्र बरोबर आणला होता, आणि मी शिष्टासारखी "थँक्यू" म्हणून पुढे गेले. मॅट्रिक ना!

कडेला सगळे पुरुष. म्हणून मी गोलाच्या मागे, चिंचेखाली उभी राहिले. दत्तूच्या अंगात मी विणलेला लोकरीचा स्वेटर. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब. भाद्रपदाच्या उन्हात सख्ख्या भावाला लोकर घालणारी बहीण मीच.

खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील. समोरचा संघ रेल्वेतल्या लोकांचा, अंगाने दणकट. त्यांचा एक जण आमच्या दोन बॅकना चुकवून एकटा आत घुसला. दत्तू धावत पुढे गेला आणि त्याच्या पायांवर आडवा पडला. चेंडू पोटाशी आणि त्याची लाथ बरगडीत. आवाज मला चिंचेखाली ऐकू आला. दत्तू उठला, चेंडू लांब फेकला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, ओरडू नको."

त्या चेंडूवर आमचा पहिला गोल झाला. मग दुसरा, तिसरा. एकूण सहा, त्यातले चार ह्यांचे. त्यानंतर दत्तूकडे चेंडू म्हणून आला नाही. पण तो तास-सव्वा तास बोलत होता. "डावीकडे सरक! मागे बघ! सोड त्याला, तू आत ये!" त्याच्या बोलण्यावर बॅक हलत होते आणि म्हणून चेंडू येत नव्हता. हे मी ऐकलं, कारण मी मागे उभी होते. हाफटाइमला बाजू बदलल्या तेव्हा मीही पदर खोचून सगळं मैदान ओलांडून त्याच्या मागे गेले. कल्याणच्या लोकांनी खेळ सोडून मला पाहिलं.

शेवटी दत्तू गोलात उकिडवा बसला. मला वाटलं, दमला.

रविवार सकाळ, बंदर

आम्ही तिघं सासूबाईंच्या त्या बहिणीकडेच, मावशींकडे, उतरलो होतो. रात्री त्यांनी वालाचं बिरडं वाढलं होतं, त्यात गूळ नाही! ठाण्याला आमच्याकडे असं केलं असतं तर सासूबाईंनी वाटीच परत पाठवली असती. पण बिरडं असं झालं होतं की मी तीनदा घेतलं, आणि "थोडा गूळ हवा होता" असंही सांगितलं.

सकाळी विहिरीवर दत्तूला डावा हात वर करता येईना. डाव्या बरगडीवर तळहाताएवढं काळंनिळं.

"दत्तू, हे काय?"

"हळद लाव आणि गप्प बस."

"ह्यांना सांगते मी."

"ताई, गळ्याची शपथ! भावोजींनाही नाही. लागलंय कळलं की मला बसवतील. आठ दिवसांत होतंय बरं."

मी हळद लावली. माझ्या जुन्या पातळाची पट्टी फाडून आवळून बांधली.

परत यायला आगगाडी होतीच. पण सहा गोल मारलेल्या वीरांनी आगगाडीने काय यायचं! आमच्या संघाच्या पाठीराख्यांचे पुढारी अण्णा, कोर्टात कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे न्यायनिवाडे लिहून स्वतःलाही न्यायाधीश समजायला लागलेले. त्यांनी कौलं घेऊन ठाण्याला निघालेला एक मचवा ठरवला होता. खाडीतून मिरवत जायचं, ठाण्याच्या बंदरावर बँड उभा राहणार.

मचव्याचा मालक गोमा तांडेल पहाटेपासून ओरडत होता. "चला, पानी चाललंय! वव्हटी कोनाची वाट नाय बघत!" आमच्या वीरांनी पोहे खाल्ले, हार घातले, फोटोवाल्याची वाट पाहिली, तो आल्यावर हार वाळले म्हणून दुसरे आणले. निघेपर्यंत ऊन डोक्यावर. खेळाडू आणि पाठीराखे मिळून वीस-बावीस माणसं कौलांवर बसली, आणि एका कोपऱ्यात मी, छत्री उघडून, जणू विलायतेला निघालेली.

डोंबिवलीच्या समोर, मोठागावच्या अलीकडे, मचवा चिखलात बसला. गोमाने बांबू रोवला, पाहिलं, आणि विडी पेटवली.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता काय? पानी यील तवा जावाचा."

रविवार दुपार, चिखलात

आता आमच्या संघाची रीत सांगते. हरल्यावर कुणी कुणाला काही बोलायचं नाही. मुकाट चहा प्यायचा. जिंकल्यावर मात्र स्तुती बंद. प्रत्येकाने एकेक दोष काढायचा, म्हणजे संघाला नजर लागत नाही. आणि मोठा विजय असला तर शेवटी एका खेळाडूला 'तीट' ठरवायचं. त्याने पुढच्या सामन्यात बसायचं. गोऱ्या बाळाच्या गालावर काळा ठिपका, तसा तो. ही रीत अण्णांचीच, आणि शिकलेली माणसं ती पाळत. एरवी हे काम ठाण्यात ओट्यावर व्हायचं, मला दिसायचं नाही. त्या दिवशी चिखलाने मला पहिल्या रांगेत बसवलं.

"कामकाज सुरू करू," अण्णा म्हणाले.

"तिसरा गोल फार उशिरा झाला," कंपाउंडर नानांनी सुरुवात केली.

"अहो, झाला ना पण?"

"झाला, पण तोवर माझा जीव गेला होता."

"पाचवा तर त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून गेला. तो गोल आपला धरायचा की त्याच्या गुडघ्याचा?"

"आणि सहाव्या गोलानंतर एवढं नाचायचं काय कारण? लग्न होतं?"

"नाचला कोण? पाय मुरगळला होता माझा!"

मी हसत होते. छत्रीआड शेंगा खात होते. मग नाना म्हणाले, "दत्तू शेवटी बसला होता."

"बसला?"

"उकिडवा. गोलात."

"गोलात? पंगतीला बसला होता की काय?"

"पंगतीत निदान पानावर काही पडतं हो. ह्याच्याकडे काही पडलंच नाही!"

सगळे खो खो हसले. माझ्या तोंडातली शेंग तोंडातच राहिली.

"खरंच, दत्तूने काल केलं काय?" दुसरा एक म्हणाला. "दोन खांब असतात, काल तीन होते."

ते पहिल्या पाच मिनिटांतलं आडवं पडणं कुणाला आठवत नव्हतं. त्यानंतर सहा गोल झाले होते ना! सहा गोलांच्या ढिगाखाली ते गाडलं गेलं. वीस माणसं, चाळीस डोळे, आणि एकालाही दिसलं नव्हतं. मी दातओठ खाल्ले.

"काय रे दत्तू, तुझं म्हणणं?" अण्णांनी कोर्टातल्यासारखं विचारलं.

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. "चुकलं," म्हणाला. बस, एवढंच.

"मग तीट दत्तूच," नाना म्हणाले.

"पुढची फायनल आहे पण," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"म्हणून तर तीट हवी!" अण्णा गरजले. "आणि गोलात काय, कुणीही उंच माणूस उभा करू. नाहीतरी चेंडू येतोच कुठे?"

आता माझी पंचाईत बघा. दत्तू का बसला ते मी सांगितलं असतं तर सगळे हळहळले असते, आणि बरगडी दुखते म्हणून त्याला बसवलं असतं. न सांगितलं तर तीट म्हणून बसवणार. दोन्हीकडून नोकरी गेली. राहिले आमचे हे. कॅप्टन! दत्तूच्या बरोब्बर समोर बसले होते. गिरणीचं सगळं त्यांना ठाऊक होतं, माझ्या आईच्या घरची चूल ठाऊक होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते शेंग सोलत होते. इतकी लांबलचक सोललेली शेंग मी आयुष्यात पाहिली नाही.

"कॅप्टन, तुमचं मत?"

"अण्णांचा शब्द मी कधी मोडला नाही," हे म्हणाले आणि दाणे तोंडात टाकले.

माझ्या टाळूपासून तळपायापर्यंत आग गेली. छत्री मिटली. "अण्णा," मी म्हणाले, "तीट कुणाला लावतात?"

मचवा चिडीचूप झाला. बाईमाणूस बोललं होतं. माझ्या मनात आलं, दिपले.

"म्हणजे काय, सूनबाई?"

"शेंबड्या पोराला कुणी तीट लावलेली पाहिलीत कधी? तीट लावतात देखण्या मुलाला. ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे वळतात त्याला. दत्तूकडे काल कुणी पाहिलंच नाही असं तुम्हीच सगळे म्हणताय. मग त्याला नजर लागणार कशी? आणि ज्याला नजर लागत नाही त्याला तीट लावून संघ वाचणार कसा?"

काय ऐट होती हो माझी! माझा हिशेब असा की आता अण्णा निरुत्तर होतील, ही खुळचट रीत मोडेल आणि सगळे म्हणतील, मुलगी हुशार आहे. ह्याच्या पुढचं पाऊल कुठे पडणार हे त्या मॅट्रिक पास डोक्यात आलंच नाही.

ते आलं गोमाच्या डोक्यात. त्याने जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. विडी विझवत म्हणाला, "मंग ज्यानं चार मारले त्यालाच लावा की तीट. सोपा तर हाय."

एकेक करत सगळी तोंडं ह्यांच्याकडे वळली. अण्णांनी डोळे मिटले. रीत त्यांची, तर्कही त्या रीतीचाच. सुटायला फट नव्हती. "सूनबाईंचा मुद्दा कायद्याला धरून आहे," शेवटी ते म्हणाले. "हात वर करा."

हात पटापट वर गेले. उजव्या विंगवाल्याला सेंटरची जागा हवीच होती, त्याने दोन्ही हात वर केले. ह्यांच्या बोटांत अर्धी सोललेली शेंग तशीच राहिली.

डोंबिवलीची शेतं

त्यानंतर त्या मचव्यात कुणाला थांबवेना. भरती यायला अजून दोन-तीन तास होते, भूक लागली होती. गोमाने चिखलावर फळ्या टाकल्या आणि एकेकाला काठावर सोडलं. ह्यांनी मला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. तुमच्या हाताशिवाय चालता येतं मला, अशा तोऱ्यात फळीवरून उतरले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. गोमाने काखेत हात घालून पोतं उचलावं तसं मला उपसलं. उजवी चप्पल अजून तिथेच असेल.

मोठागावातून स्टेशनपर्यंत तेव्हा भाताची शेतं. लोंबी धरलेली, बांधावरून एकामागे एक चालायचं. दूरवर तुरळक कौलारू घरं आणि आगगाडीचा धूर. डोंबिवली म्हणजे तेवढीच. आज तिथे गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत असतात. तेव्हा नव्या भाताचा दुधाळ वास होता आणि मला तो रागामुळे नीट घेता आला नाही, ह्याचाही मला राग आहे.

पुढे हे, मान ताठ. मध्ये मी, एका चपलेने लंगडत. मागून दत्तू.

"ताई, काय केलंस हे?"

"तुला वाचवलं."

"भावोजींना बसवून? मला असं नको होतं."

"तुला कसं हवं होतं? 'चुकलं' म्हणून? तोंडाला कुलूप होतं तेव्हा तुझ्या!"

तो श्वास घेताना बरगडीवर हात धरत होता. ठाण्याला आम्ही आगगाडीनेच उतरलो. बँडवाले बंदरावर.

सासूबाईंना कळायचं ते कळलंच. "माहेरच्यासाठी नवऱ्याला खाली बसवलंस," म्हणाल्या. आठवडाभर हे माझ्याशी फक्त "पाणी", "टॉवेल" आणि "दिवा" एवढंच बोलले.

पुढचा रविवार, ठाणे

फायनलला ठाणं लोटलं होतं. हे धोतर-कोट घालून आले आणि काय मनात आलं कोण जाणे, गोलाच्या मागे, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी बाजूला सरकले नाही, बोललेही नाही.

दत्तूच्या स्वेटरखाली माझ्या पातळाची पट्टी. समोरचा संघ मुंबईचा, पायात बूट घातलेला, आमचे अनवाणी. पहिल्या मिनिटापासून चेंडू आमच्याच अंगणात. दत्तू उडत होता, आडवा पडत होता, उठत होता, आणि सारखा ओरडत होता, "डावीकडे! आत ये! बघ, बघ, मागे बघ!" एकदा डाव्या अंगावर पडला तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. हे एकदम म्हणाले, "त्याला लागलंय." मी म्हटलं, "आठ दिवस झाले." ते माझ्याकडे बघत राहिले.

आम्ही हरलो. एक गोल, अगदी शेवटी. आमच्याकडून एकही नाही. ह्यांच्यासारखा गोल मारणारा कुणी नव्हताच, आणि हे सगळ्या मैदानाला कळत होतं. ते खापर माझंच आहे, मी ते कधी नाकारलं नाही.

रीतीप्रमाणे सगळे मुकाट चहाला गेले. अण्णा नाही, नाना नाही, मला कुणी शब्दाने बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही आठ घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तो गप्प चहा माझ्या अंगावर आला.

मैदानात एक टोपीवाला गृहस्थ दत्तूशी बोलत उभा होता. दत्तूने नुसती मान हलवली आणि मग मला शोधायला लागला. सोमवारपासून ये, असं गिरणीने सांगितलं होतं. आईने त्या वर्षी दिवाळीला पहिल्यांदा दुसऱ्यांचे कपडे शिवले नाहीत.

आम्ही दोघं घराकडे निघालो. वाटेत हे म्हणाले, "मी त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं गं. खेळात माझी त्याच्याकडे नेहमी पाठ असते."

माणूस कबूल करत होता. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी उभी राहिले.

"मचव्यात तुम्ही त्याच्या समोर बसला होतात," मी म्हणाले.